क्रूझवर दूध कोणतं असतं? चहा, दही, लेकरांचं दूध: जाणकारांनी सांगा

संत्राबाग_आर्वी

राम राम मंडळी. आर्वी-पुलगावकडचा एक गट बार्सिलोनाहून सुटणाऱ्या 7 रात्रींच्या क्रूझला चालला आहे. बहुतेक साठीच्या पुढचे, पक्के शाकाहारी, चहाबाज. सोबत एक सव्वा वर्षाचं लेकरू. टूरवाल्याला विचारलं तर "सगळं मिळते जी, टेन्शन नका घेऊ". हे "सगळं" म्हणजे नेमकं काय, ते जहाजाच्या किचनची माहिती असणाऱ्यांनी फोड करून सांगावं. दूध ताजं असतं, खोक्यातलं की पावडरचं? तिथं आपल्यासारखा चहा होत नाही म्हणतात, तो का? दही लागतं का? घरून दूध पावडर न्यायची का?

गॅली_स्टोअर

तिन्ही प्रकारचं दूध असतं. एकाच जहाजावर, एकाच दिवशी. कोणत्या काउंटरला कोणतं जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: माल भरायचं पुढचं बंदर किती दिवसांवर आहे, आणि थंड खोलीत जागा किती आहे.

हिशेब करून बघा. 2000 प्रवासी धरले आणि माणशी रोज 150 मिली धरलं, तर दिवसाला 300 लिटर. 7 दिवसांचे 2100 लिटर. 12 लिटरची पेटी धरली तर 175 पेट्या, आणि यात बेकरी आणि कर्मचाऱ्यांची मेस धरलेलीच नाही. एवढं सगळं 5 अंशांखाली ठेवायचं म्हटलं तर भाजी, मांस, फळं कुठं ठेवणार? म्हणून मोठा साठा यूएचटी (खूप उष्णतेला तापवून खोक्यात बंद केलेल्या) दुधाचा. ते कोरड्या गोदामात राहतं, आणि रोज लागेल तेवढंच आदल्या दिवशी थंड करायला आत येतं.

ताजं पाश्चराइज्ड दूध मुख्यतः नाश्त्याच्या काउंटरला, सीरियलसोबत. अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर याचं प्रमाण जास्त. युरोपातून सुटणाऱ्यांवर यूएचटीचा भर, कारण स्पेनमध्ये घरोघरीसुद्धा तेच चालतं. पावडर बेकरीत: ब्रेड, सॉस, सूप. मोठा समुद्र ओलांडताना सलग सहा-आठ दिवस बंदर लागत नाही. तेव्हा सुरुवातीला ताजं दूध संपवतात, मग खोकी उघडतात.

खोक्यावर "एंतेरा" लिहिलं असेल तर पूर्ण स्निग्धांशाचं, किमान 3.5 टक्के. "सेमीदेस्नातादा" म्हणजे 1.5 ते 1.8. "देस्नातादा" म्हणजे मलई काढलेलं, जास्तीत जास्त 0.5. झाकणाच्या रंगावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये लाल झाकण म्हणजे मलई काढलेलं दूध, आणि अमेरिकेत तोच लाल रंग बहुधा पूर्ण दुधाला असतो.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे आपली चहावाली मंडळी देस्नातादा वतून घेईन अन् मंग म्हणन का दुधात पाणी हाय! 😄

एक सांगा जी, सहा सहा महिने हे दूध नासत काऊन नाही? औषध टाकतेत का त्याच्यात?

फॅट_एसएनएफ

भाऊ, औषध काहीच नाही. खेळ फक्त उष्णतेचा आणि पॅकिंगचा आहे.

आपल्या डेअरीच्या पिशवीतलं दूध 72 अंशाला 15 सेकंद तापवलेलं असतं. रोगजंतू मरतात, बाकीचे काही उरतात, म्हणून फ्रिज लागतो. यूएचटी दूध 135 ते 150 अंशांपर्यंत नेतात, तेही काही सेकंदच, आणि लगेच गार करून निर्जंतुक केलेल्या खोक्यात हवाबंद भरतात. दाब देऊन तापवलेलं असल्यामुळं ते 100 च्या वर जाऊनही उकळत नाही. खोक्याला जाड कागद, पॉलिथिनचे थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ पत्रा. उजेड नाही, हवा नाही, जिवंत जंतू नाही, मग नासवणार कोण? आपल्याकडं विटेच्या आकाराच्या खोक्याला साधारण 180 दिवसांची मुदत असते, उशीसारख्या पाकिटाला 90 दिवस.

पण खोकं उघडलं की ते साधं दूध झालं. उघडल्यावर फ्रिजमध्येच, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. लोक इथंच चुकतात. "यूएचटी आहे, बाहेर राहिलं तरी चालते" हे फक्त बंद खोक्यासाठी खरं आहे.

यूएचटीसाठी कच्चं दूध पहिल्या नंबरचं लागतं. संकलन केंद्रावर अल्कोहोल टेस्ट (दुधात अल्कोहोल मिसळून ते फाटतं का हे बघणं) साध्या दुधाला 68 टक्क्यांच्या अल्कोहोलनं घेतात. यूएचटीला 75 च्या आसपासचं वापरतात, म्हणजे चाळणी जास्त बारीक. कारण असं की दूध थंड ठेवूनही वाढणारे काही जंतू असतात. ते स्वतः 140 अंशाला मरतात, पण त्यांनी आधी सोडलेली प्रथिनं तोडणारी एन्झाइम मरत नाहीत. ती खोक्यात बसून हळूहळू काम करत राहतात. तीन-चार महिन्यांनी दूध कडवट लागतं किंवा जेलीसारखं जमतं. ग्राहक पॅकिंगला शिव्या घालतो, दोष खरा शेतावरच्या कॅनमध्ये असतो.

संत्राबाग_आर्वी

फॅट_एसएनएफ, फारच छान. म्हणजे ते तापवायची गरज नाही? आमच्याकडं आईसाहेबांना न तापवलेलं दूध पचणार नाही, मनाला तरी.

फॅट_एसएनएफ

बंद खोक्यातलं थेट प्यायलं तरी चालतं. पुन्हा खळखळ उकळलं तर उलट शिजका वास वाढतो. तो वास दुधातल्या प्रथिनांतल्या गंधकामुळं येतो. ताज्या बॅचमध्ये जास्त असतो, काही आठवड्यांत उतरतो. आपल्या लोकांना यूएचटीचा चहा "वेगळा" लागतो त्याचं अर्धं कारण हेच.

साय येत नाही याचं कारण वेगळं. होमोजिनायझरमधून मोठ्या दाबानं दूध बारीक फटीतून जातं, स्निग्धांशाचे गोळे एक-दोन मायक्रॉनपेक्षा लहान होतात आणि वर तरंगून गोळा व्हायचं बंद होतं. फॅट तेवढंच असतं, फक्त वर दिसत नाही. नागपुरी म्हशीच्या 7 टक्के फॅटच्या दुधावर बोटभर साय बघितलेल्या माणसाला 3.5 टक्क्यांचं होमोजिनाइज्ड दूध पाणीच वाटणार, यात नवल नाही.

चहा_कडक

चहाचा प्रश्न कोणी घेतला नाही अजून, मी घेतो. जहाजावर चहा बिघडतो तो मुख्यतः तापमानानं.

मशीनचं पाणी कपात पडेपर्यंत 90 च्या आसपास येतं. त्यात फ्रिजमधलं 5 अंशांचं दूध निम्मंनिम्म टाकलं की मिश्रण साधारण 47 अंशांवर. कोमट, आणि पत्ती उतरायच्या आधीच गार. लोक मग तिसरी, चौथी टी-बॅग बुडवतात, चहा कडू होतो, दाट काही होत नाही.

उपाय असा. रिकामा मग आधी गरम पाण्यानं विसळून घ्या. 100 मिली पाण्यात दोन टी-बॅग, वर बशी झाकून 4-5 मिनिटं. तोवर कॉफीच्या काउंटरला "हॉट मिल्क" मागा. स्टीम केलेलं दूध 60-65 अंशाला मिळतं. ते 100 मिली घातलं की चहा 70 च्या आसपास राहतो. साखर आधी, दूध शेवटी. टी-बॅग पिळू नका, तुरटपणा तिथून येतो.

दाटपणासाठी क्रीमचा हिशेब: 180 मिली एंतेरा दूध (3.5 टक्के) आणि 20 मिली 35 टक्क्यांचं क्रीम, म्हणजे 200 मिलीत सुमारे 13.3 ग्रॅम फॅट, साडेसहा टक्क्यांच्या वर. म्हशीचं दूध झालं तयार. स्पॅनिशमध्ये क्रीमला "नाता" म्हणतात. अमेरिकन जहाजावर असाल तर "हाफ अँड हाफ" मिळतं, त्यात फॅट किमान 10.5 टक्के. 150 मिली साध्या पूर्ण दुधात 50 मिली ते टाकलं की 5 टक्क्यांवर येतं.

आणि ती छोटी व्हाइटनरची पुडी! तिनं चहा राखाडी होतो. त्यात बहुधा वनस्पती तेल आणि ग्लुकोज सिरप असतं. "नॉन-डेअरी" लिहिलेलं असलं तरी कित्येकांत सोडियम केसिनेट असतं, ते दुधाचंच प्रथिन. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यानं त्या शब्दावर विसंबू नये.

वऱ्हाडी_ठेचा

एवढा खटाटोप कायले, बॅगीत रॉड टाका अन् खोलीतच उकळा 😄

गॅली_स्टोअर

ठेचाभाऊ, गंमत पुरे! वाचून कोणीतरी खरंच नेईल. इमर्शन रॉड, केटल, इंडक्शन, इस्त्री: तापणाऱ्या तारेचं काहीही बहुतेक कंपन्यांच्या बंदी यादीत असतं. समुद्रावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. सामान एक्स-रेमधून जातं, वस्तू जप्त होते, उतरताना परत मिळते.

त्यापेक्षा पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या हॉलमधल्या हेड वेटरला सांगा: गट एवढ्यांचा, सकाळी अमुक वाजता उकळलेला भारतीय चहा हवा. किचनमध्ये भारतीय आचारी असले तर मोठ्या भांड्यात करून देतात. गटाची मागणी असली की काम सोपं होतं, एकट्यादुकट्याची मागे पडते.

एचएम_यवतमाळ

सर, मी हॉटेल मॅनेजमेंटचा विद्यार्थी आहे. गॅली युटिलिटीसाठी (जहाजाच्या किचनमधला मदतनीस) मुलाखती देतो आहे. दुधाच्या बाबतीत काय काय विचारतात? प्रत्यक्षात चुका कुठं होतात?

गॅली_स्टोअर

चांगला प्रश्न. दूध हाताळणं ही मुलाखतीतली आवडती परीक्षा आहे, कारण त्यात तापमान, वेळ आणि स्वच्छता तिन्ही येतात.

धक्क्यावर माल आला की आधी रेफर ट्रकचं (थंड पेटीच्या ट्रकचं) तापमान बघायचं, मग प्रोब थर्मामीटर दोन खोक्यांच्या मध्ये दाबून धरायचा. खोकं फोडायचं नाही. ताजं दूध 5 अंश किंवा खाली हवं. तारीख, खोक्याचे कोपरे, फुगवटा तपासायचा. यूएचटीच्या खोक्याचा कोपरा खोल दबला असेल तर घडीवर सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असू शकतं, ते बाजूला काढायचं. फुगलेलं खोकं थेट बाद. लक्षात ठेव, न फुगताही दूध आतून आंबू शकतं, म्हणून ओतताना पहिली धार वेगळ्या भांड्यात बघायची. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो धक्क्यावर. जुलैच्या उन्हात पॅलेट उभं राहिलं की बाहेरच्या थराची खोकी आधी तापतात, आणि प्रोब मात्र लोक मधल्या थरात घालतात.

आता डिस्पेन्सर. स्टीलची थंड पेटी, आत 10 ते 20 लिटरची पिशवी, पिशवीला रबरी नळी, नळी दाबून धरणारा खटका. नवी पिशवी लावली की नळी खटक्यातून ओवून स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या कात्रीनं तिरपी कापायची, आणि थंड तोंडाबाहेर 2.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त लोंबू द्यायची नाही. सरळ कापली तर शेवटचा थेंब तोंडाशी अडकून बसतो. तो थंड भागाच्या बाहेर असतो, तिथं वाळतो, तिथंच जंतू धरतात, आणि पुढचा प्रत्येक ग्लास त्या थेंबावरून वाहतो. लांब सोडली तर नळीतलं दूधच गरम होतं. तपासणी करणारा माणूस पेटी उघडायच्या आधी ती नळी बघतो.

बुफेवरचा जग बर्फात ठेवला असेल तर बर्फ बाहेरून दुधाच्या पातळीपर्यंत हवा. बुडाशी चार खडे ठेवून उपयोग नाही. अर्धा रिकामा जग वरून भरायचा नाही, बदलायचा. जुन्या दुधात नवं मिसळलं की त्याची वेळ कुठून मोजणार? दूध थंड न ठेवता फक्त वेळ मोजून ठेवलेलं असेल तर जास्तीत जास्त 4 तास, मग फेकणे.

खीर, बासुंदी, कस्टर्ड उरवून थंड करायचं असेल तर 57 वरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत, आणि 21 वरून 5 पर्यंत पुढच्या 4 तासांत. खोल पातेलं फ्रीजरमध्ये सारून हे होत नाही. 5 सेंटिमीटर खोलीच्या पसरट ट्रेमध्ये ओतायचं, खाली बर्फपाणी, झाकण उघडं, आणि वेळ लिहून ठेवायची. बासुंदी दाट असते, मधोमध तासन्‌तास कोमट राहते, म्हणून प्रोब मध्यभागी.

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तिथल्या सीडीसीचा (सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम, म्हणजे जहाजांच्या स्वच्छतेचा कार्यक्रम, लागू असतो, 1975 पासून. तपासणी न सांगता येते. 100 पैकी 86 म्हणजे पास, 85 म्हणजे नापास. आणि सीडीसी म्हटल्यावर खलाशाच्या सीडीसी पुस्तकाशी (त्याच्या जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेल्या) घोळ घालू नको, मुलाखतीत बरेच जण तिथंच अडखळतात.

एचएम_यवतमाळ

खूप आभार सर. पावडरचं दूध करायचं प्रमाण?

फॅट_एसएनएफ

मलई काढलेल्या पावडरचं: 100 ग्रॅम पावडर, 900 मिली पाणी. पूर्ण स्निग्धांशाच्या पावडरचं: 130 ग्रॅमला 900 मिली. पाणी 40 ते 45 अंश. पाण्यावर पावडर भुरभुरवायची आणि हलवत राहायचं. पावडरवर पाणी ओतलं की वरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या मग फुटत नाहीत. अर्धा तास मुरू द्यायचं, नाहीतर जिभेला खडूसारखं लागतं. लगेच 5 अंशांखाली. पाणी पिण्याचंच. जहाजावर ते समुद्राच्या पाण्यातून गाळून क्लोरीन मारलेलं असतं, वास जाणवला तर तो पाण्याचा असतो, पावडरचा नाही.

हळदीकुंकू_वणी

दह्याचं राहिलं की हो! कढी, ताक, दहीभात असल्याशिवाय आमच्या सासऱ्यांचं जेवण होत नाही.

फॅट_एसएनएफ

काकू, खोलीत विरजण लावायच्या भानगडीत पडू नका. 42 अंशांची ऊब पाच-सहा तास टिकवायला तिथं काही साधन नसतं, एसीच्या गारव्यात ते जमतच नाही. बुफेवर साधं योगर्ट मिळतं, ग्रीक मिळतं. ताकासाठी एक वाटी साधं, तीन वाट्या पाणी, मीठ. जिरेपूड घरून न्या.

घरी यूएचटीचं दही लावायचं असेल तर ते पातळ लागतं ही तक्रार नेहमीची. उच्च तापमानाला निवळीतली (दह्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या कणांना चिकटतात, जाळं मऊ होतं. लिटरला 25-30 ग्रॅम मलई काढलेली पावडर विरघळवा, 42-43 अंशाला चमचाभर विरजण. उकळायची गरज नाही. पनीर मात्र यूएचटीचं भुसभुशीत होतं. त्याला आपलं साधं म्हशीचंच बरं.

शाकाहारींसाठी: फळांच्या, "लाइट" योगर्टमध्ये काही वेळा जिलेटिन असतं. लेबलवर "हेलातिना" दिसलं तर ठेवून द्या. साध्या योगर्टमध्ये बहुधा फक्त दूध आणि विरजण असतं. चीजमध्ये इटलीचं पार्मिजानो रेज्जानो नेहमी वासराच्या रेनेटनंच (त्याच्या पोटातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या एन्झाइमनं) करतात, ते पास्त्यावर वरून भुरभुरवलेलं असतं. आधीच "नो चीज" सांगावं.

अंगणवाडी_ताई

सव्वा वर्षाच्या लेकरासाठी. वर्षानंतर पूर्ण स्निग्धांशाचं यूएचटी दूध चालतं, मलई काढलेलं देऊ नका. जहाजावर लहान मुलांची फॉर्म्युला पावडर मिळेलच असं धरून चालू नका, लागत असेल तर घरूनच न्या. फॉर्म्युला करताना पाणी 70 अंशांच्या खाली नको. मशीनचं पाणी लगेच घेतलं तर जमतं, गार झालेलं नको. बाटली कॅफेच्या सिंकमध्ये धुऊ नका, केबिन स्टुअर्डकडून गरम पाणी आणि भांडं मागा. उष्टं दूध एक तासाच्या वर ठेवायचं नाही, हा नियम बोटीवरही तोच.

संत्राबाग_आर्वी

ताई, मनापासून धन्यवाद. म्हणजे मोठ्यांसाठीही घरून पावडरचे दोन डबे टाकून देऊ, प्रश्नच मिटला. सोबत संत्रा बर्फी आणि थोडं साजूक तूप.

गॅली_स्टोअर

थांबा थांबा. बार्सिलोना म्हणजे युरोपियन युनियन. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. दूध पावडर, खवा, पेढे, पनीर, तूप, सगळं त्यात आलं. खव्याची संत्रा बर्फीही घरीच ठेवा. सूट आहे ती लहान मुलांच्या दूध पावडरला, बेबी फूडला आणि वैद्यकीय कारणानं लागणाऱ्या खास आहाराला: माणशी 2 किलोपर्यंत, कंपनीचं सीलबंद पॅक, उघडण्याआधी फ्रिज न लागणारं. उघडा डबा फक्त तेव्हाच, जेव्हा तो वापरात असेल. घरी झिपलॉकमध्ये भरलेली पांढरी पावडर नेलीत तर विमानतळावर ती कसली हे सिद्ध करत बसाल.

वऱ्हाडी_ठेचा

मंग शेव-चिवडा तं चालते ना बाप्पा? 

गॅली_स्टोअर

चालतो. त्यात दूध नाही. फक्त दुकानाचं सीलबंद पाकीट न्या, घटकांची यादी छापलेलं. आणि जहाज वाटेत इटलीला किंवा फ्रान्सला थांबलं तर बुफेवरची दुधाची छोटी खोकी, योगर्टचे कप खिशात घालून उतरू नका. पुष्कळ जहाजांवर खाद्यपदार्थ बंदरावर उतरवायला मनाई असते, गँगवेजवळ (जहाजातून उतरायच्या वाटेवर) बॅगा बघतात.

हळदीकुंकू_वणी

आणि दुधाचा त्रास होणाऱ्यांसाठी? घरात एकीला साधं दूध सोसत नाही.

फॅट_एसएनएफ

यूएचटीनं लॅक्टोज जात नाही, तेवढंच राहतं. "सिन लाक्तोसा" लिहिलेलं मागा. त्यात एन्झाइमनं लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, म्हणून ते जरा गोड लागतं. चहात साखर कमी घाला. सोया आणि बदामाचं दूधही बहुतेक जहाजांवर असतं, पण सोया दूध कडक, गरम चहात फाटतं. आधी सोया दूध कोमट करून घ्यायचं आणि त्यात चहा हळूहळू ओतायचा, उलटं नाही. ही मागणी बुकिंगच्या वेळीच आहाराच्या रकान्यात लिहायची, म्हणजे माल भरतानाच ते खोकं चढतं. समुद्रात गेल्यावर आठवलं तर असेल त्यावर भागवावं लागतं.